हसण्याची मुभा आणि पापक्षालन : ब्लॅक कॉमेडीचा प्रेक्षक, पापनाशम् तालुका ते पुणे

१.

ब्लॅक कॉमेडीची चर्चा बहुतेक वेळा लेखकाच्या बाजूने होते. आंद्रे ब्रेताँ याने १९४० साली काळ्या विनोदाचा संग्रह सिद्ध केला आणि त्याचा आरंभ स्विफ्टपासून केला. तेव्हापासून या विनोदामागची बंडखोरी, त्यातील निर्ममता आणि प्रतिष्ठितांची त्याने उडवलेली टर हेच विवेचनाचे विषय राहिले. प्रेक्षकाच्या वाट्याला ‘धक्का बसला’ किंवा ‘हशा पिकला’ यापलीकडे फारसे काही आले नाही. वास्तविक या प्रकारात प्रेक्षकाची अवस्था सर्वांत गुंतागुंतीची असते. प्रेतासमोर हसू नये हे त्याला ठाऊक असते आणि तरीही तो हसतो. या हसण्याचा दोष त्याला लागतो काय, आणि लागल्यास तो धुण्याची काही व्यवस्था कलाकृतीत असते काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

त्यासाठी तीन कलाकृती विचारात घेतल्या आहेत : फ्रँक ऑझ दिग्दर्शित ‘डेथ ॲट अ फ्युनरल’ (२००७) हा ब्रिटिश चित्रपट, तंजावरचे शहाजीराजे (कारकीर्द १६८४–१७१२) यांचे ‘सतीदानशूरमु’ हे तेलुगू यक्षगान आणि सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ (१९७४) हे मराठी नाटक. काळ, भाषा आणि माध्यम या तिन्ही बाबतींत भिन्न असलेल्या या कृतींची सांगड प्रथमदर्शनी ओढूनताणून आणल्यासारखी वाटेल. परंतु प्रेक्षकाला हसण्याची मुभा कोण देतो आणि ती परत कोण घेतो, या एका प्रश्नाच्या आधारे त्या परस्परांवर प्रकाश टाकतात असे दिसून येईल.

२.

संस्कृत साहित्यशास्त्राने हा पेच फार पूर्वी ओळखला होता. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्याच्या विरोधी रसांत करुण आणि भयानक यांची गणना केली. या दृष्टीने पाहता ब्लॅक कॉमेडी हा रसविरोधच ठरतो. अभिनवगुप्ताचे विवेचन मात्र निराळी वाट दाखवते. रसाचा आभास झाला की हास्य उत्पन्न होते, असे तो मानतो आणि त्याच्या स्पष्टीकरणार्थ बंधू नसलेल्या व्यक्तीसाठी केलेल्या शोकाचा दाखला देतो. जो आपला नव्हे त्याच्यासाठी आक्रोश चालला असेल, तर पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो करुण राहत नाही.

अंत्यसंस्कारावर आधारलेल्या बहुतेक विनोदी कथानकांचे बीज या एका निरीक्षणात आहे. मृताचा खरा बंधू कोण, हा प्रश्न तिरडीभोवती किंवा शवपेटीभोवती उभा राहिला की हसू अनावर होते. ‘डेथ ॲट अ फ्युनरल’चा आरंभच परक्या प्रेताने होतो. अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारी मंडळी घरी शवपेटी आणतात, मुलगा डॅनियल आत पाहतो, तर आत भलताच माणूस असतो. पुढे पीटर नावाचा एक अनोळखी पाहुणा येऊन सांगतो की आपण मृताचे प्रियकर होतो, आणि पुराव्यादाखल छायाचित्रे पुढे करून पंधरा हजार पौंडांची मागणी करतो. बंधू कोण हा प्रश्न येथे एकाच वेळी शोकाचा, अब्रूचा आणि पैशाचा होऊन बसतो. तो गप्प राहावा म्हणून केलेल्या खटपटीत पीटर मेला अशी घरच्यांची समजूत होते, आणि त्याचीही रवानगी त्याच शवपेटीत केली जाते.

३.

या चित्रपटाला प्रेक्षकांनी उचलून धरले. लोकार्नो महोत्सवात २००७ साली प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार त्याला लाभला. २०१० साली नील लब्यूट यांनी त्याचे अमेरिकी रूपांतर एका कृष्णवर्णीय कुटुंबात घडवले आणि तीच अनाहूत पाहुण्याची भूमिका पुन्हा पीटर डिंकलेज यांनी केली. आपल्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे ते ‘डॅडी कूल’ (२००९) हे हिंदी रूपांतर. ते घडते गोव्यात, ख्रिस्ती कुटुंबात.

हिंदी व्यावसायिक चित्रपटाला गोवा आणि ख्रिस्ती पात्रे नेहमीच सोयीची वाटत आली आहेत, हे खरे. तरीही येथे निवडीला वाव नव्हता. मूळ कथानक शवपेटीवर आणि प्रार्थनेपूर्वीच्या प्रतीक्षेवर उभे आहे. हिंदू घरात शवपेटी नसते, आणि प्रेत फार वेळ ठेवण्याची रीतही नाही. माणसे जमतात, सामान आणले जाते आणि काही तासांत सारे आटोपते. गैरसमज वाढायला, पाहुण्यांची भांडणे रंगायला, भलते औषध पोटात जाऊन एखाद्याने नागव्याने छपरावर चढायला अवकाशच उरत नाही. थोडक्यात, विधीत जिथे फट असते तिथेच विनोद शिरतो.

इतर भारतीय चित्रपटांनी हेच सूत्र आपापल्या परीने सिद्ध केले आहे. लिजो जोस पेल्लिशेरी यांचा ‘ई.मा.यौ’ (२०१८) हा मलयाळम चित्रपट किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरातील शवपेटीभोवतीच फिरतो. राम रेड्डी यांच्या ‘तिथि’ (२०१५) या कन्नड चित्रपटात एकशेएक वर्षांच्या वृद्धाचे दहन लवकर आटोपते आणि विनोद शिरतो तो मरणापासून अकराव्या दिवसापर्यंतच्या फटीत. राजेश मापुसकरांच्या ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) या मराठी चित्रपटात यंत्राने मृत्यूच लांबवला आहे, त्यामुळे जमलेल्या गोतावळ्याला रुग्णालयात एकमेकांचे उणेदुणे काढायला सवड मिळते. प्रेक्षक एकाच ठिकाणी हसतो आणि दुसऱ्या ठिकाणी गप्प बसतो, याचे कारण त्याच्या तथाकथित प्रगल्भतेत शोधण्यापूर्वी त्याच्या घरच्या विधीत शोधले पाहिजे.

४.

फट असणे ही पहिली अट झाली. दुसरी अट मुभेची. या मुद्द्यासाठी कावेरीच्या खोऱ्यात, पापनाशम् येथे जावे लागते.

तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या दरम्यान वसलेल्या या गावाच्या नावाचा अर्थ उघड आहे. खरदूषणांच्या वधाच्या दोषातून मुक्त होण्यासाठी रामाने येथे शिवलिंगे स्थापिली, अशी येथील एकशेआठ लिंगांच्या मंदिराची आख्यायिका आहे. राक्षसवधासारख्या योग्य कृत्यालाही क्षालन लागते, हा तिचा गाभा. याच तालुक्यातील मेलट्टूर हे गाव भागवतमेळ्यासाठी प्रसिद्ध आहे. येथील वेंकटराम शास्त्री हे तंजावरच्या मराठी राज्याच्या (१६७६–१८५५) उत्तरकाळातील नाटककार, सरफोजी दुसरे यांचे समकालीन. त्यांचे ‘प्रह्लादचरित्रमु’ हे तेलुगू नाटक नृसिंहजयंतीच्या निमित्ताने रात्रभर चालते. नृसिंहाचा मुखवटा पूजेतला असतो आणि तो धारण करणारा उपवास करतो. अशा या पवित्र आणि भयावह प्रयोगाचा पहिला प्रवेश मात्र असतो कोणंगी या विदूषकाचा. तो नाचत येतो, प्रेक्षकांना शांत बसवतो आणि मगच गणपती व पुढचे कथानक येते.

या क्रमाला अर्थ आहे. हास्य आधी, वध पहाटे, आणि दोहोंवर देवळाचे छत्र. येथील प्रेक्षकाला हास्य आणि भयानक हे विरोधी रस एका रात्रीत पचवण्याची सवय विधीनेच लावली आहे. त्याने हसावे की नाही हा त्याचा एकट्याचा निर्णय उरत नाही, आणि म्हणून त्याचा दोषही त्याला एकट्याला लागत नाही.

शहाजीराजांच्या ‘सतीदानशूरमु’मध्ये ही मुभा किती दूर जाऊ शकते ते दिसते. मन्नारगुडीच्या उत्सवाला आलेला मोरोभट्टलु नावाचा ब्राह्मण एका अंत्यज स्त्रीवर लुब्ध होतो. शिष्य गुरूला शास्त्र सांगतो आणि गुरू ते धुडकावतो. अखेरीस त्या स्त्रीचा पती तिला दान करून दानशूर ठरतो, आणि शिव प्रकट होऊन साऱ्यांचे कल्याण करतो. नायकाच्या नावातला ‘मोरोभट’ मराठी कानाला तात्काळ ओळखू येतो. मराठी राजा तेलुगू भाषेत, तमिळ मुलखात, आपल्याच वर्गाच्या पुरोहिताला हास्यास्पद करतो आहे. मात्र शेवटच्या दर्शनाने क्षालन होते ते कोणाचे? ब्राह्मणाचे होते, दात्या पतीचे होते, हसलेल्या दरबाराचेही होते. जिचे दान झाले तिला विचारण्याची गरज कोणालाच पडत नाही.

५.

हीच निवडक क्षालनाची रीत ब्रिटिश चित्रपटातही आहे, फक्त देवाची जागा भाषणाने घेतली आहे. पीटर शवपेटीतून जिवंत बाहेर येतो, छायाचित्रे सर्वांसमोर येतात आणि गोंधळाच्या परमोच्च क्षणी डॅनियल सर्वांना थांबवून वडिलांविषयी बोलू लागतो : माणूस चांगला होता, अपूर्ण होता, आमचा होता. दीड तास प्रेताभोवती हसलेल्या प्रेक्षकाला या भाषणात शोकाचे कर्तव्य पार पाडल्याचे समाधान मिळते. नंतर वृद्ध आल्फी काका छपरावर नग्न बसलेले दाखवून दिग्दर्शक पुन्हा हसवतो, पण हे हसू आता निर्धोक असते. या चित्रपटाने भिन्न देशांतील प्रेक्षकांना आपलेसे केले, त्याचे एक कारण हे धुऊन दिलेले हसू असावे.

परंतु ज्याच्या खुजा देहावर आणि समलिंगी प्रेमावर यातील बराच विनोद पोसला आहे, त्या पीटरच्या शोकाचे काय? त्याने खंडणी मागितली हे खरे, तरी तो मृताचा प्रियजन होता. गौरवपर भाषण कुटुंबाला शुद्ध करते आणि पीटर त्या शुद्धीच्या बाहेर राहतो. चित्रपट पाहून हसलेल्या प्रेक्षकाच्या मनात मागाहून जी अस्वस्थता रेंगाळते, ती येथून येते असे मला वाटते.

६.

‘महानिर्वाण’ वेगळे पडते ते याच ठिकाणी. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने सादर केलेल्या या नाटकात चाळीतला भाऊराव मरतो आणि मेल्यावर स्वतःच कीर्तनाला उभा राहतो. मुलगा नाना परगावी आहे. जुने स्मशान बंद होऊन विद्युतदाहिनी आली आहे, आणि भाऊरावाला मात्र जुन्या स्मशानातच जळायचे आहे. हिंदू विधीत जी फट सहसा नसते ती आळेकरांनी नगरपालिकेच्या कारभारातून आणि मृताच्या हट्टातून निर्माण केली. प्रेत राहते, चाळकरी येतजात राहतात, आणि रमाबाईंचे मन जमलेल्या मंडळींतल्या एका गृहस्थाकडे वळते. चंद्रकांत काळे यांचा भाऊराव आणि आनंद मोडक यांचे संगीत यांनी ते कीर्तन खरोखरीचे कीर्तन केले.

या नाटकाविषयी बोलताना मराठी समीक्षेला युरोपातील ॲब्सर्ड रंगभूमीची आठवण वारंवार झाली. तो संदर्भ असंबद्ध नाही. जो ऑर्टनच्या ‘लूट’ (१९६५) या नाटकात आईच्या प्रेताची जी विटंबना होते तिच्याशीही तुलना शक्य आहे. तथापि ही तुलना प्रेक्षकाला वगळून केलेली तुलना ठरते. ‘महानिर्वाण’चा प्रेक्षक ऑर्टनच्या प्रेक्षकासारखा निःशस्त्र नाही. पूर्वरंग, उत्तररंग, झांजा, मध्येच घेतलेली फिरकी या साऱ्याशी त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय आहे. कीर्तनकार हसवणारच आणि शेवटी देवापाशी आणून सोडणारच, हा करार त्याच्या अंगवळणी पडलेला आहे. हा करार किती बळकट होता याची साक्ष तंजावरातच मिळते. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवांसारख्या मराठी कीर्तनकारांपासून प्रेरणा घेऊन तंजावर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी तमिळ हरिकथेला आकार दिला. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावे आणि ‘निरूपण’ हा शब्द तमिळ कथाकारांनी आपलासा केला. भाषा बदलली, पण करार टिकला.

आळेकर तो करार करतात आणि मोडतात. कीर्तनकारच प्रेत आहे आणि निरूपणाचा विषय परमार्थ नसून त्याच प्रेताची सोय आहे. प्रेक्षक परिचित लयीवर डोलतो, हसतो आणि देवापाशी पोहोचण्याची वाट पाहतो, पण त्याला तेथे कोणी नेत नाही. मुभा पूर्ण मिळते, क्षालन मुळीच मिळत नाही. हसणे ज्याचे त्याच्याकडे परत येते.

७.

या विवेचनावरून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, ब्लॅक कॉमेडीचा काळेपणा विषयाच्या भीषणतेवर मोजणे पुरेसे नाही. ती प्रेक्षकाला किती धुऊन बाहेर सोडते आणि त्या धुण्यातून कोणाला वगळते, यावरही तो मोजला पाहिजे. या मापाने ‘महानिर्वाण’ हे ब्रिटिश चित्रपटाहून अधिक काळे आहे. ‘सतीदानशूरमु’ दर्शनाने उजळलेले असले तरी त्या उजेडाबाहेर एक स्त्री उभी आहे.

दुसरी गोष्ट आपल्या अभ्यासव्यवहाराविषयी. मराठी नाटकाची पूर्वपीठिका शोधताना आपण लंडन-पॅरिसपर्यंत सहज जातो, पण तंजावरपर्यंत जाताना भाषेच्या उंबरठ्यावर अडखळतो. शहाजीराजांचे तेलुगू प्रहसन मराठी विभागाच्या अभ्यासक्रमात बसत नाही आणि तेलुगू विभागाला त्यातला मोरोभट परका वाटतो. बंधू नसलेल्याचा शोक हास्यास्पद ठरतो, असे अभिनवगुप्ताने म्हटले. पापनाशम् तालुक्यातल्या त्या रात्रभराच्या प्रयोगाचे आणि त्याच्या प्रेक्षकाचे आपण बंधू आहोत की नाही, हे ठरवण्याची जबाबदारी तौलनिक अभ्यासकावर येते.