वासुदेव बळवंत फडके यांचे आत्मकथन : चरित्रनायक आणि त्याचा स्वतःचा आवाज

प्रस्तावना

पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या मार्गावर कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दुरूनच दृष्टीस पडतो. या किल्ल्याच्या परिसरातील शिरढोण या गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, असे चरित्रकार सांगतात. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने हा किल्ला घेतला आणि कोकणातील इतर अनेक किल्ल्यांप्रमाणे त्याचेही लष्करी महत्त्व संपले. आज कर्नाळा हे नाव प्रामुख्याने १९६८ मध्ये स्थापन झालेल्या पक्षी अभयारण्यामुळे परिचित आहे. शिरढोण मात्र 'आद्य क्रांतिकारकाचे गाव' म्हणून ओळखले जाते.

एखाद्या प्रदेशाच्या थोर व्यक्तींची गणना करताना क्रीडा, साहित्य आणि सार्वजनिक जीवन असे वेगवेगळे विभाग पाडण्याची पद्धत रूढ आहे. वासुदेव बळवंतांच्या बाबतीत ही विभागणी अपुरी पडते. त्यांनी लहुजी वस्तादांच्या तालमीत कुस्ती व शस्त्रविद्या यांचे शिक्षण घेतले. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासमवेत त्यांनी पुण्यात नेटिव्ह इन्स्टिट्यूशनची स्थापना केली. हीच संस्था पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने नावारूपाला आली. याच गृहस्थाने स्वतःच्या हाताने आत्मकथनही लिहिले. मल्ल, शिक्षणप्रसारक आणि बंडखोर या त्यांच्या तीन रूपांचे गुणगान विपुल झाले. चौथ्या, म्हणजे लेखकाच्या, रूपाची दखल मात्र फारशी घेतली गेली नाही. या उपेक्षेची कारणे व परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आत्मकथनाचे स्वरूप

१८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले होते. लष्करी हिशेब खात्यातील कारकुनाची नोकरी करणाऱ्या वासुदेव बळवंतांनी ही परिस्थिती स्वतः पाहिली. सुशिक्षित व धनिक वर्गाकडून साहाय्य मिळत नाही असे दिसून आल्यावर ते रामोशी समाजातील साथीदारांकडे वळले. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारी येथे धाड घालण्यात आली. पुढे थोड्याच दिवसांत अपेक्षाभंग पदरी आला व ते श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या क्षेत्री गेले. आत्मकथनाचे लेखन या निराशेच्या काळातील आहे. जुलै १८७९ मध्ये विजापूर भागातील देवर नावदगी येथे मेजर डॅनियलने त्यांना पकडले. आत्मकथन व रोजनिशी सरकारच्या हाती पडली आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर खटल्याच्या कागदपत्रांत समाविष्ट झाले. १९५७ मध्ये मुंबई सरकारने स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली, त्यांतही हा मजकूर इंग्रजीतच आला.

वाङ्मयीन दृष्ट्या ही बाब अत्यंत महत्त्वाची आहे. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले निवेदन अभ्यासकाच्या हाती सहजपणे येते ते त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून केलेल्या भाषांतराच्या रूपात. त्यामुळे त्याच्या शैलीविषयी, शब्दकळेविषयी वा वाक्यरचनेविषयी ठाम विधान करणे धोक्याचे ठरते. तथापि निवेदनाची रचना आणि त्यातील भूमिका भाषांतरातूनही स्पष्ट होते.

या निवेदनातील तीन विशेष लक्षणीय आहेत. पहिला विशेष म्हणजे योजनेचा तपशील. लहान लहान टोळ्या निरनिराळ्या ठिकाणी एकाच वेळी पाठवाव्यात, टपाल, तारायंत्र व रेल्वे बंद पाडावी, तुरुंग फोडून कैद्यांना सोबत घ्यावे, असा आराखडा तेथे आढळतो. लूट हे या योजनेचे साध्य नसून साधन आहे. दुसरा विशेष म्हणजे अपयशाची कबुली. पैसा जमला नाही, माणसे टिकली नाहीत, साथीदारांचे लक्ष ध्येयापेक्षा लुटीच्या वाटणीकडे अधिक होते, हे लेखक लपवून ठेवत नाही. तिसरा विशेष म्हणजे देशबांधवांशी साधलेला संवाद. देवांसाठी अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींचे स्मरण करून तो स्वतःचे प्राण अर्पण करण्याची भाषा बोलतो. त्याच वेळी कार्य तडीस न गेल्याबद्दलची खंतही व्यक्त करतो. आत्मविश्वास आणि आत्मपरीक्षण एकाच लेखणीतून उतरावेत, ही या लेखनाची खरी शक्ती होय.

या संदर्भात शेजारच्याच पेण तालुक्यातील वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यांनी १८५७ च्या धामधुमीतील आपले अनुभव 'माझा प्रवास' मध्ये नोंदविले आणि ते पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी आत्मपर लेखनाच्या चर्चेत या ग्रंथाचा उल्लेख जितक्या सहजपणे होतो, तितक्या सहजपणे फडके यांच्या आत्मकथनाचा होत नाही. गोडसे हे बंडाचे साक्षीदार आहेत. फडके हे बंडाचे कर्ते आहेत. साक्षीदाराचे निवेदन मूळ मराठीत वाचावयास मिळते आणि कर्त्याचे निवेदन फिर्यादी पक्षाच्या भाषेत, हा विरोधाभास मराठी वाङ्मयाच्या इतिहासकाराने विचारात घ्यावयास हवा.

चरित्रवाङ्मयाची भूमिका

सरकारी कागदपत्रांनी वासुदेव बळवंतांना दरोडेखोर ठरविले. या शिक्क्याला उत्तर देणे हे चरित्रकारांनी आपले प्रथम कर्तव्य मानले. वि. श्री. जोशी यांनी अत्यंत परिश्रमाने साधने मिळवून त्यांचे चरित्र सिद्ध केले. १९५९ मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ब्रिटिश सत्तेविरुद्धचा पहिला भारतीय बंडखोर असे स्थान फडके यांना दिले आहे. १९८४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले, तर २००७ मध्ये गजेंद्र अहिरे दिग्दर्शित मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. हे कार्य निःसंशय मोलाचे आहे.

परंतु या सर्व प्रयत्नांत एक मर्यादा राहून गेली. 'दरोडेखोर की देशभक्त?' हा प्रश्न मुळात सत्तेने उभा केला होता. चरित्रकारांनी उत्तर बदलले. प्रश्न मात्र तोच ठेवला. वस्तुतः खुद्द न्यायालयानेच या प्रश्नाचा पाया डळमळीत केला होता. पुण्यात चाललेल्या खटल्यात दरोड्याबरोबरच राणी सरकारविरुद्ध युद्ध करण्याच्या प्रयत्नाचा आरोप ठेवला गेला. सार्वजनिक काका या नावाने सुपरिचित असलेले गणेश वासुदेव जोशी त्यांच्या बचावासाठी उभे राहिले. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली. ज्याच्यावर युद्धाचा आरोप ठेवावा लागतो तो केवळ दरोडेखोर नव्हे, याची कबुली आरोपपत्रातच सामावलेली होती. ती सिद्ध करण्यात चरित्रवाङ्मयाने आपली बरीच शक्ती खर्च केली आणि निष्कलंक नायकाच्या शोधात आत्मकथनातील संशय, पश्चात्ताप व खंत यांना दुय्यम स्थान दिले.

या दृष्टीचा दुसरा परिणाम सहकाऱ्यांच्या चित्रणावर झाला. मे १८७९ मध्ये पनवेलजवळील पळस्पे व चिखली येथे पडलेल्या धाडींचे नेतृत्व दौलतराव नाईक यांनी केले. कर्नाळ्याच्या परिसरातील ही या बंडाची सर्वांत मोठी घटना. परतताना इंग्रज तुकडीशी झालेल्या चकमकीत दौलतराव मारले गेले. त्यांनी आपले निवेदन मागे ठेवलेले नाही. रामोशी साथीदारांविषयी फडके यांनी व्यक्त केलेली नाराजी चरित्रांतून पुनःपुन्हा उद्धृत होते. परंतु दुष्काळात आणि वतने गेल्यानंतर त्या माणसांच्या दृष्टीने पैशाचा अर्थ काय होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. निराश सेनापतीची तक्रार हा त्याच्या मनःस्थितीचा पुरावा होय. तो संपूर्ण समाजाच्या वृत्तीचा निवाडा मानता येणार नाही.

तुलनेसाठी उरुग्वेचा दाखला

'लुटारू' म्हणून हिणवला गेलेला पुरुष कालांतराने पूजनीय होतो आणि त्या पूजेत त्याचा स्वतःचा आवाज हरवतो, ही प्रक्रिया केवळ महाराष्ट्रापुरती मर्यादित नाही. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या छोट्या देशाचे राष्ट्रपुरुष होसे आर्तिगास यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १७६४ मध्ये मोंतेविदेओ येथे जन्मलेल्या आर्तिगास यांच्याविरुद्ध १८१८ मध्ये, म्हणजे कर्नाळा पडला त्याच वर्षी, ब्वेनोस आइरेस येथे एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिने त्यांना जुलमी व गुन्हेगार ठरविले. १८२० मध्ये पराभूत होऊन ते पाराग्वेत गेले आणि १८५० मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. वासुदेव बळवंतांनाही मायभूमीपासून दूर एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी देह ठेवावा लागला.

आर्तिगास यांच्या पुनर्मूल्यमापनात साहित्याचा वाटा मोठा होता. कवी हुआन सोरिल्या दे सान मार्तिन यांनी सरकारच्या सूचनेवरून लिहिलेला आर्तिगासविषयक ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. नियोजित पुतळ्याच्या शिल्पकारांना नायकाची कल्पना यावी, हा त्यामागील हेतू होता. येथे चरित्र अक्षरशः पुतळ्यासाठी लिहिले गेले. पुढे लष्करी राजवटीत, १९७७ मध्ये, मोंतेविदेओच्या मुख्य चौकाखाली त्यांची समाधी उभारण्यात आली. तिच्या भिंतींवर सनावळ्या व घटना कोरल्या गेल्या. त्यांचे विचार नव्हेत. १८१५ च्या जमीनविषयक नियमावलीत मुक्त कृष्णवर्णीय, मूळ रहिवासी व गरीब यांना अग्रक्रम देणाऱ्या या पुरुषाची वचने हुकूमशाहीला अडचणीची होती, हे उघड आहे.

याच देशातील एदुआर्दो गालेआनो या लेखकाने नायकाचे चित्रण वेगळ्या रीतीने करून दाखविले. १९५० च्या विश्वचषकात ब्राझीलला त्यांच्याच भूमीवर २-१ असे नमविणाऱ्या उरुग्वे संघाचा कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला हा होता. गालेआनो यांनी १९९५ मधील फुटबॉलविषयक ग्रंथात विजयाबरोबरच त्या रात्रीचीही नोंद घेतली आहे. त्या रात्री व्हारेला रिओच्या मद्यालयांतून पराभूत ब्राझीलवासीयांच्या सोबत बसला होता. या नोंदीने कर्णधार लहान झाला नाही. उलट त्याला माणूसपण लाभले. नायकाच्या मनातील द्विधा टिपणारे लेखन नायकाचा अवमान करीत नाही, हे यावरून ध्यानात येते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. वासुदेव बळवंत फडके यांचे आत्मकथन हे केवळ इतिहासाचे साधन नसून मराठी आत्मपर लेखनाच्या आरंभकाळातील एक महत्त्वाचे निवेदन आहे. ते मुख्यतः इंग्रजी भाषांतरातून वाचावे लागत असल्याने त्याची चिकित्सक मराठी आवृत्ती सिद्ध होणे अगत्याचे आहे. अशा आवृत्तीत भाषांतरकाराचे शब्द कोठे आणि लेखकाचा आशय कोठे, याचा विवेक राखला गेला पाहिजे. तसेच दौलतराव नाईक व इतर साथीदारांचा विचार केवळ नायकाच्या तक्रारीतून न करता तत्कालीन सामाजिक-आर्थिक परिस्थितीच्या प्रकाशात व्हावयास हवा.

शिरढोणच्या स्मारकाला दरवर्षी पुष्पहार अर्पण केले जातात आणि ते उचितच आहे. परंतु ज्याने आपल्या अपयशाचा हिशेब स्वतःच मांडून ठेवला, त्याचा सर्वांत मोठा सन्मान तो हिशेब त्याच्याच भाषेत वाचण्यात आहे. एडनला जाण्यापूर्वी त्याने देशबांधवांना उद्देशून जे लिहिले, ते सर्वप्रथम वाचले त्याला पकडणाऱ्यांनी. ज्यांच्यासाठी ते लिहिले गेले, त्यांच्यापर्यंत ते पूर्णांशाने पोहोचविणे हे मराठीच्या अभ्यासकांवरील ऋण अद्याप फिटावयाचे आहे.