सायबिणीचे पाखरू

वालाच्या वेलावर मावा पडला की काळ्या ठिपक्यांचा एक तांबडा, वाटोळा किडा तो वेचून खाताना दिसतो. आपल्याकडे त्याला ढालकिडा म्हणतात. इंग्रजीत तोच ‘लेडीबर्ड’. यातील ‘लेडी’ म्हणजे पवित्र मरिया, गोव्यातील भाविकांची सायबीण. तांबडा रंग तिच्या झग्याचा आणि पाठीवरील सात ठिपके तिच्या सात दुःखांचे, अशी लोकसमजूत आहे.

जर्मन भाषेत तो ‘मारियनकेफर’, मरियेचा भुंगा. डॅनिशमध्ये मरियेची कोंबडी. रशियन व आयरिश लोकांनी त्याला देवाची गाय केले, तर यिडिश बोलणाऱ्या यहुद्यांनी मोशेची. इंग्लंडातील नॉरफोकच्या बोलीत तो चक्क ‘बिशप बार्नबी’ झाला आहे!

हा किडा बोटावर घेऊन इंग्रज मुले एक गाणे म्हणत. घराला आग लागली आहे, तुझी पोरे संकटात आहेत, उडून जा, असा त्याचा आशय. सुमारे १७४४ साली लंडनमध्ये छापलेल्या बालगीतांच्या पुस्तकात ते आढळते. छळाच्या काळात लपूनछपून मिस्सा साजरा करणाऱ्या कॅथलिकांना दिलेला हा गुप्त इशारा होय, असा अर्थ काहींनी लावला आहे. मीही तो एकदा प्रवचनात सांगितला होता. श्रोते हेलावले, परंतु आज मला तो मागे घेतला पाहिजे.

कारण हेच गाणे, त्याच जळत्या घरासह, जर्मन मुलेही म्हणत आली आहेत. आयोना आणि पीटर ओपी यांनी १९५१ च्या आपल्या बालगीतकोशात अशा परदेशी रूपांची दखल घेतली आहे. इंग्लंडच्या कायद्यांशी जर्मन खेड्यातील मुलांचा काय संबंध? अर्थ मनाला भावतो, एवढ्याने तो खरा ठरत नाही. इंग्लंडच्या हुतात्म्यांनी खरे रक्त सांडले. त्यांना कल्पित साक्षीची गरज नाही.

नावांची साक्ष मात्र निर्विवाद आहे. पीक राखणाऱ्या इवल्याशा जिवाला अक्षरशत्रू शेतकऱ्याने मरियेच्या, देवाच्या, मोशेच्या पदरात घातले. हे त्याचे कृतज्ञतेचे स्तोत्रच होय, आणि ते कोणा पंडिताने रचलेले नाही.

वाचकहो, आपल्या सामवेदी, वाडवळी बोलींतही शेतातल्या किड्या-पाखरांची अशीच नावे असतील. घरातील आजीला विचारा आणि ती जशी उच्चारील तशीच लिहून ठेवा. अर्थ मागाहून शोधू.