धंदा तुझा, नियम आमचे

केन लोच यांच्या 'सॉरी वुई मिस्ड यू' (२०१९) या सिनेमात एक छोटा प्रसंग आहे. न्यूकॅसलमध्ये पार्सलं पोचवणारा रिकी एक दिवस आपल्या मुलीला व्हॅनमधून सोबत घेऊन जातो. बापलेकीचा दिवस मजेत जातो. नंतर डेपोचा मॅनेजर मलोनी त्याला झापतो, गिऱ्हाइकाची तक्रार आलीय, मुलीला आणायचं नाही. रिकीला समजत नाही. व्हॅन त्याची, विमा त्याचा, मुलगी त्याची. धंदाही त्याचाच, असंच तर कामावर घेताना सांगितलं होतं. मलोनीच्या उत्तराचा अर्थ एवढाच, की धंदा तुझा असेल, पण फ्रँचायझी आमची आहे.

'स्वतःच स्वतःचा मालक' या वाक्याची इतकी साधी आणि नेमकी उलटतपासणी मी दुसऱ्या सिनेमात पाहिलेली नाही. आपल्याकडे नंदिता दास यांनी 'झ्विगाटो' (२०२२) मध्ये हाच विषय घेतला. कारखान्यातली फ्लोअर मॅनेजरची नोकरी गेलेला, झारखंडहून आलेला मानस भुवनेश्वरमध्ये जेवणाची पार्सलं पोचवतो. भूमिका कपिल शर्माची, आणि हसवण्याची सवय बाजूला ठेवून त्याने ती समजून केली आहे. दोन्ही सिनेमे एकापाठोपाठ एक पाहिले तर एक प्रश्न सतत समोर येतो. यातला मालक नेमका बसतो कुठे?

लोचकडे त्याला चेहरा आहे. मलोनी समोर उभा राहतो, दंड सांगतो, सुट्टी नाकारतो. राग काढायला माणूस सापडल्यामुळे प्रेक्षकालाही बरं वाटतं. दास यांच्या सिनेमात मानसच्या हातात फोन असतो. रेटिंग घसरलं, इन्सेंटिव्ह हुकला, तर भांडायचं कुणाशी, हेच त्याला कळत नाही. मी रोज सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला ही दुसरी मांडणी जास्त खरी वाटते. किती ऑर्डरींनंतर बोनस, रेटिंग कितीच्या खाली गेलं की आयडी बंद, हे सगळं शेवटी कुठल्यातरी फाइलमधले आकडे असतात. ते कुणीतरी मीटिंगमध्ये ठरवतं, कुणीतरी लिहितं, कुणीतरी टेस्ट करतं. रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोचेपर्यंत ही सगळी माणसं गळून पडतात आणि 'सिस्टीमने केलं' एवढंच उरतं.

निवडीचंही तसंच. ऑर्डर नाकारायचं बटण दिलेलं असतं, म्हणून काम ऐच्छिक आहे असं म्हणता येतं. पण शेजारी सेकंद उलटे मोजले जात असतात आणि नकाराची नोंद पुढे कशी वापरली जाईल हे त्या स्क्रीनवर लिहिलेलं नसतं. किंमत न सांगता समोर ठेवलेल्या पर्यायाला निवड म्हणायचं का, हा प्रश्न डिझाइन करणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, स्वतःला विचारायला हवा.

तरीही या दोन सिनेमांचं खरं मोल मला फोनच्या बाहेर दिसतं. दोन्ही दिग्दर्शक कॅमेरा घेऊन घरात शिरतात. रिकीची व्हॅन येते ती त्याच्या बायकोची गाडी विकून. ॲबी आजारी आणि वृद्ध माणसांच्या घरी जाऊन त्यांची काळजी घेते, पैसे भेटीमागे मिळतात. गाडी गेल्यावर ती बसच्या थांब्यांवर उभी राहून फोनवरून मुलांना जेवणाच्या सूचना देते. म्हणजे रिकीने 'स्वतःसाठी' निवडलेल्या धंद्याचं भांडवल ॲबीच्या वेळेतून आलेलं आहे. कुठल्याही करारावर तिची सही नाही.

'झ्विगाटो'मध्ये हीच गोष्ट वेगळ्या बाजूने येते. मानसची बायको प्रतिमा (शहाना गोस्वामी) घरोघरी जाऊन मालिश करते, मॉलमध्ये सफाईचं काम मिळवू पाहते. मानसला ते रुचत नाही. दिवसभर ज्याच्या निवडीवर ॲपचा ताबा असतो, तो घरी आल्यावर बायकोच्या निवडीवर ताबा सांगतो. दास यांनी यासाठी भाषण लिहिलेलं नाही. गोस्वामीच्या संकोचात आणि हळूहळू वाढत जाणाऱ्या उत्साहात ते दिसतं. मला तर हा सिनेमा मानसपेक्षा प्रतिमाचा वाटला.

शेवटाला मात्र दास यांचा हात सैल पडतो. दोघं गाडीवरून ट्रेनशी शर्यत लावतात, वारा लागतो, आपणही हसतो. पण आधीचा सिनेमा ज्या गाठीपर्यंत आला होता ती गाठ तशीच सोडून हा आनंद येतो. लोच अशी सुटका देत नाहीत. मार खाल्लेला, धड डोळा उघडत नसलेला रिकी घरच्यांना बाजूला सारून व्हॅन घेऊन निघतो. कर्ज आणि दंड डोक्यावर असताना घरी बसणं त्याला परवडत नाही. हा शेवट पाहताना त्रास होतो, पण तो आधीच्या दीड तासाशी प्रामाणिक आहे.

नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये भारतात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत हा आकडा २.३५ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबरचे चालक 'वर्कर' आहेत असा निकाल दिला. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला. हे सगळं गरजेचंच आहे. पण कायदा, अहवाल आणि ॲप, तिघेही एकेक माणूस वेगळा मोजतात. बसची वाट पाहणारी ॲबी रिकीच्या खात्यात कुठेच नोंदलेली नाही, आणि प्रतिमाने घरी सावरलेला दिवस मानसच्या रेटिंगमध्ये दिसत नाही.

'ही त्याची पर्सनल चॉइस आहे' असं आपण किती पटकन म्हणतो. हे दोन सिनेमे पाहिल्यावर त्या वाक्यानंतर आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो. या चॉइसचा हप्ता घरातलं कोण भरतंय?