सगळे दिवे हिरवे, पण बाबा ऐकूच येईनात!

महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाची समीक्षा दोन ठिकाणी होते. एक मध्यंतरात, बटाटेवड्याच्या रांगेत. आणि दुसरी घरी परतताना गाडीत. दोन्हीकडे अभिनय, नेपथ्य, दिग्दर्शन यांवर भरभरून बोललं जातं. ध्वनीच्या वाट्याला मात्र एकच वाक्य येतं: "ऐकू आलं" किंवा "काही ऐकू आलं नाही बुवा". या एका वाक्यामागे हल्ली एक सॉफ्टवेअर राबत असतं आणि त्याची समीक्षा कोणीच करत नाही. पोटापाण्याचा व्यवसाय सॉफ्टवेअरचा आणि नाटकाच्या दिवशी मुक्काम विंगेत, लॅपटॉपसमोर. म्हणून हे धाडस मी करतो आहे.

बिनतारी माईकवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्यासारख्या हौशी मंडळींच्या हाती सहज लागणारं नाव म्हणजे शुअर कंपनीचं 'वायरलेस वर्कबेंच'. सेनहायझरचंही स्वतःचं आहे. वर्कबेंच फुकट उतरवून घेता येतं, हे ऐकून आमच्या खजिनदारांचा चेहरा खुलला होता. पण त्याचा खरा उपयोग व्हायचा तर नेटवर्कला जोडता येणारे त्या कंपनीचे रिसिव्हर हवेत, आणि ते काही फुकट मिळत नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हा हिशेब सिलिकॉन व्हॅलीतही चुकत नाही.

आधी कौतुकाचं बोलू, कारण ते मनापासून आहे. अमेरिकेत बिनतारी माईकची जागा गेल्या काही वर्षांत आक्रसत गेली. १२ जून २०१० नंतर ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात माईक वापरायला बंदी आली. मग ६०० च्या पट्ट्याचा मोठा भाग लिलावात मोबाइल कंपन्यांकडे गेला आणि १३ जुलै २०२० पासून तिथूनही माईकना मुक्काम हलवावा लागला. उरलेल्या जागेत, म्हणजे मुख्यतः ४७० ते ६०८ मेगाहर्ट्झमध्ये, टीव्ही स्टेशनं आधीच ठाण मांडून आहेत, आणि तीही प्रत्येक शहरात वेगळ्या जागी. शनिवारी शिकागोत छान चाललेले माईक रविवारी न्यू जर्सीत खरखरतात, त्यात भुताटकी काही नसते.

त्यात माईकांची आपापसातली भांडणं निराळी. एक माईक ५०० वर आणि दुसरा ५०१ वर असेल, तर दोन ट्रान्समीटर जवळ आले की ४९९ आणि ५०२ वर त्यांच्या पडछाया उमटतात. तिसरा माईक नेमका ५०२ वर ठेवला असेल तर तो गोत्यात आला. दोन-दोन आणि तीन-तीन माईकांच्या अशा पडछाया मोजल्या तर दहा माईकांच्या ४५० होतात. हा हिशेब कागदावर करत बसलो तर नाटकाचा प्रयोग पुढल्या दिवाळीला होईल. वर्कबेंच आधी सभागृहातली हवा तपासतं, टीव्ही स्टेशनं वगळतं आणि एकमेकांच्या पायात न येणाऱ्या जागा काही क्षणांत काढून देतं. या कामात ते अव्वल आहे. पूर्वी जाणकार तंत्रज्ञाशिवाय जे होत नसे, ते आता मंडळाचा एखादा चिकाटीचा स्वयंसेवक करू शकतो.

खरा प्रश्न पडदा उघडल्यावर सुरू होतो. आता सॉफ्टवेअरचं काम नजर ठेवण्याचं. प्रत्येक माईकची एक उभी पट्टी: दोन अँटेनांवर सिग्नल किती, आवाजाची पातळी किती, बॅटरी किती. कंपनीची लिथियम बॅटरी घातली तर उरलेला वेळ तास-मिनिटांत दिसतो. दुकानातल्या साध्या बॅटऱ्या घातल्या तर नुसते ठोकळे. नट विंगेत उभा असतानाच त्याची बॅटरी बदलता येते, हा फायदा मोठा आहे.

पण एका प्रयोगात दुसऱ्या अंकात वडिलांचा मुलाशी निर्णायक प्रसंग होता. सिग्नल भरपूर, बॅटरी भरपूर, सगळं हिरवंगार. आणि प्रेक्षागृहात वडील गोधडीतून बोलल्यासारखे ऐकू येत होते. दिव्यांच्या उष्णतेने घाम कपाळावरून ओघळला आणि केसांच्या कडेला चिकटवलेल्या माईकच्या बारीक जाळीत शिरला होता. रेडिओला त्याचं काय! तो बिचारा दबका आवाज तितक्याच निष्ठेने पोचवत होता.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. आवाज किती आहे हे मीटर सांगतो. कसा आहे हे सांगत नाही. पदर माईकवर घासला तरी मीटर उसळतो, मंगळसूत्र वाजलं तरी उसळतो आणि नायिकेने टाहो फोडला तरी उसळतो. पडद्यावर तिघांची पत सारखीच! आमच्या ऑफिसात हा प्रकार रोजचा आहे. सर्व्हरचे सगळे दिवे हिरवे, आणि ग्राहक फोनवर ओरडतो आहे की लॉगिनच होत नाही. यंत्राची प्रकृती आणि माणसाचं काम या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप असा, की या सॉफ्टवेअरला चॅनेल कळतो, प्रवेश कळत नाही. ग्रीनरूममध्ये चहा पिणाऱ्या हवालदाराचा सिग्नल पडला तरी तोच लाल दिवा, आणि रंगमंचावर स्वगत म्हणणाऱ्या नायकाचा पडला तरी तोच. चॅनेलला पात्राचं नाव देता येतं, पण पुढच्या दोन मिनिटांत कोण बोलणार आहे हे संहितेतच असतं. इथल्या व्यावसायिक संगीतिकांमध्ये म्हणूनच एक माणूस मिक्सरवर आणि दुसरा रंगमंचामागे असतो. मागचा माणूस नट आत जाण्यापूर्वी त्याचा माईक हेडफोनवर प्रत्यक्ष ऐकतो. 'वेव्हटूल'सारखी सॉफ्टवेअरं रेडिओच्या आकड्यांशेजारी माईकचा आवाजही ऐकायची सोय देतात, ती दिशा मला जास्त योग्य वाटते. कानाला डोळ्याच्या हाताखाली उमेदवारी करायला लावू नये.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील, "आमच्या वेळी माईक नव्हतेच. नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचे." अगदी खरं आहे, आणि त्या तालमीला माझा दंडवत. पण आपले नट दिवसभर नोकरी करून, कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये आठवड्यातून दोनदा तालीम करतात आणि उभे राहतात भाड्याच्या हायस्कूल ऑडिटोरियममध्ये, जे बांधलेलं असतं शाळेच्या बँडसाठी. त्यांच्याकडून खड्या आवाजाची अपेक्षा करणं अन्यायाचं होईल.

शिवाय समोर कोण बसलं आहे ते पाहा. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा, कानात यंत्र. शेजारी इथे जन्मलेली नातवंडं, ज्यांना मराठी कळतं, पण प्रत्येक शब्द नीट पोचला तरच. आपल्याला एक वाक्य निसटलं तर आपण संदर्भाने भरून काढतो. त्या मुलाचा एक शब्द निसटला की धागा सुटतो, हात खिशातल्या फोनकडे जातो आणि पुढच्या वर्षी तो नाटकाला येत नाही. म्हणून मराठी नाटकात माईकची स्पष्टता हा मला तांत्रिक लाडाचा विषय वाटत नाही.

तेव्हा माझा निकाल असा: प्रयोगाआधी या सॉफ्टवेअरला पैकीच्या पैकी गुण, प्रयोग चालू असताना निम्मे. उरलेले निम्मे माणसाने मिळवायचे. कार्यकारिणीला माझी विनंती आहे, की पुढच्या नाटकाच्या खर्चात एक चांगला हेडफोन धरा आणि एक स्वयंसेवक फक्त माईकसाठी मोकळा ठेवा. त्याच्या हातात लॅपटॉपबरोबर नाटकाची संहिताही द्या. आणि कृपा करून त्याला मध्यंतरात वडे वाटायला बोलावू नका. बॅटऱ्या बदलायची आणि घाम पुसायची वेळ तीच असते. त्याच्यासाठी दोन वडे बाजूला काढून ठेवले म्हणजे झालं!