किल्लीचा विश्वास

सुटींत परगांवीं जाऊन धर्मशाळेंत वा हॉटेलांत न उतरतां, तेथील एखाद्या कुटुंबास आपलें घर द्यावें आणि त्याचें घर आपण घ्यावें, ही चाल युरोप-अमेरिकेंत आतां जुनी झाली आहे. १९५३ च्या सुमारास तिला संघटित रूप आलें, तें युरोपांतील शिक्षकांच्या पुढाकारानें. लांब सुटी आणि बेताचा पगार यांची गांठ ज्या पेशांत पडते, त्या पेशांतील माणसांनाच ही युक्ति सुचावी, यांत नवल नाहीं. या व्यवहारांत भाडें नसतें. देणेंघेणें असतें तें किल्लीचें, आणि किल्लीबरोबर विश्वासाचें. हा विषय ललितकृतीस किती अनुकूल आहे, हें सांगावयास नको. त्याचें काय केलें गेलें, हें पाहण्याचा आमचा हेतु आहे.

नॅन्सी मायर्स यांचा 'द हॉलिडे' (२००६) हा चित्रपट या विषयावर उभा आहे. लंडनच्या एका वृत्तपत्रांत लिहिणारी आयरिस आणि लॉस एंजेलिसमध्यें चित्रपटांचे ट्रेलर तयार करणारी अमँडा, दोघीही प्रेमभंगानें पोळलेल्या. नाताळांत दोन आठवड्यांसाठीं त्या घरांची अदलाबदल करितात. केट विन्स्लेटची आयरिस परक्या घरीं राहूं लागते आणि शेजारच्या, जगानें विसरलेल्या वृद्ध पटकथालेखकाशीं तिचा स्नेह जडतो, हा भाग आम्हांस सर्वांत सरस वाटला. कारण घर बदललें म्हणजे शेजार बदलतो आणि शेजार बदलला म्हणजे माणूसही बदलूं शकतो, हें या विषयाचें मर्म तेथें सांपडलें आहे. दुसऱ्या कथासूत्रांत मात्र तें सुटतें. सरे परगण्यांतील घरकुलांत अमँडाला आयरिसच्या भावाच्या रूपानें प्रियकर मिळतो, आणि मग घर केवळ देखावा होऊन बसतें. जिच्या पलंगावर आपण निजतों, जिच्या फडताळांतील कपबशा वापरतों, ती बाई कोण असेल, हें कुतूहल दोघींसही फारसें शिवत नाहीं. तें घरकुल चित्रीकरणासाठींच बाहेरून उभारलेलें होतें आणि आंतले प्रसंग अमेरिकेंतील स्टुडिओंत घेतले गेले, हें कळल्यावर या उणिवेचें आश्चर्य वाटेनासें होतें.

मराठीकडे वळावें, तर पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई' (१९६०) सारखीं प्रवासवर्णनें रसिक आहेत, चौकस आहेत. पण त्यांतील प्रवासी बहुधा पाहुणा असतो, घरधनी नसतो. उलट जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया' नाटकांत मागें उरलेलें घर आहे आणि त्यांत दूरच्या मुलांची वाट पाहणारे आईबाप आहेत. एकांत रस्ता आहे, दुसऱ्यांत उंबरठा. दोहोंची भेट घडविणें हें पुढील लेखकाचें काम.

आमच्या बीड जिल्ह्यांत या विषयाचें साहित्य विपुल आहे. येथें सहा महिने घर सोडण्याचे दोन प्रकार दिसतात. अंबाजोगाईचे निवृत्त आईबाप लेकीच्या वा सुनेच्या बाळंतपणासाठीं अमेरिकेस जातात. तेथें पाहुण्यास राहण्याची परवानगी एका खेपेस साधारणतः सहा महिन्यांची मिळते, आणि तितके दिवस येथें दारास कुलूप राहतें. दुसरीकडे, दिवाळीच्या सुमारास हजारों जोडपीं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस निघतात, पश्चिम महाराष्ट्रांत वा कर्नाटकांत फडाजवळ कोपींत राहतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. एकाची हौस व माया, दुसऱ्याची पोटाची निकड. दोहोंस एका मापानें मोजणें अन्यायाचें होईल. परंतु दोन्ही ठिकाणीं मागें राहिलेल्या घरांत राहावयास परका कोणी येत नाहीं. अदलाबदलीस नुसतीं दोन घरें पुरत नाहींत; तीं परस्परांस हवींशीं वाटावीं लागतात. हें समत्व 'द हॉलिडे' गृहीत धरतो. आमच्या लेखकास तें गृहीत धरतां येणार नाहीं.

येथें कोणीं कां यावें, असें कोणी विचारील. मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधी, हत्तीखान्याचें कोरीव लेणें, कोंकणांतील कित्येक कुळांची स्वामिनी योगेश्वरी, हीं सर्व अंबाजोगाईस पाहावयास मिळतात. उन्हाळ्यांतील पाणीटंचाई हा दोष खरा. पण तो आधीं कळवितां येतो. याहून अवघड अडचण आमच्या मनांत आहे. जो घरमालक खोली भाड्यानें देतांना प्रथम आडनांव विचारतो आणि मग ताटांत काय असतें तें विचारतो, तो अपरिचित परदेशीयास स्वयंपाकघर व देवघर मोकळें करील काय? आणि परदेशीयास केलें, तर गांवच्याच माणसास कां नाहीं? हा प्रश्न विचारणारी कृति मायर्सबाईंच्या चित्रपटाहून कमी गोड होईल, पण अधिक खरी होईल.

तोंवर 'द हॉलिडे' मोठ्या मुलांसह पाहण्यास हरकत नाहीं. संवाद खेळकर आहेत, आणि वृद्ध लेखकाच्या भूमिकेंत ईलाय वॉलक यांनीं मोठी मौज आणिली आहे. मराठी कथालेखकांनीं मात्र हा विषय तेथून न उचलतां, शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून निघालेल्या आपल्याच गल्लींतील कुटुंबापासून आरंभ करावा, अशी आमची सूचना आहे.