समतोल कोणाचा?

चित्रकलेच्या तासाला समतोल शिकवला जातो तो सुरई, पेला आणि दोन फळांवरून. एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी आमची पोरेही तेच गिरवतात. मला वस्तुचित्राचे वावडे नाही. हात त्यानेच बसतो. पण समतोल, प्रमाण, लय ही तत्त्वे नागपुरात शिकवायची तर दीक्षाभूमी सोडून सुरईकडे का जावे? १९५६ च्या धर्मांतराच्या जागी उभा असलेला, १८ डिसेंबर २००१ रोजी उद्घाटन झालेला हा स्तूप सांचीवरून बेतलेला आहे. अर्धगोल तोच. मात्र सांचीचा स्तूप भरीव. त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. इथला पोकळ, माणसे आत जातात. देवळाच्या दाराबाहेर ठेवलेल्या समाजाच्या वास्तूत हा फरक मला नुसता बांधणीचा वाटत नाही. ड्रॉइंगचे मास्तर घुमटाची सममिती दाखवतात आणि थांबतात. आत कोणाला जागा, हा प्रश्न संकल्पचित्राच्या कागदावर येतच नाही.

हीच कसोटी आपल्या फलकांनाही लावली पाहिजे. चौदा एप्रिलच्या कित्येक फ्लेक्सवर बाबासाहेब कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांचे चेहरे रांगेने, ठळक! कोणाला किती जागा दिली, हे नववीच्या पोराला मोजपट्टी घेऊन मोजायला लावावे.