निदान आणि आत्मनिवेदन : ग्रँडिन व जेमिसन यांच्या आत्मचरित्रांची भाषा

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार एका गृहीतावर उभा असतो. ज्या मनाची हकीकत सांगावयाची ते मन आणि हकीकत सांगणारे मन ही एकच असून, दुसऱ्याने पहिल्याविषयी दिलेली साक्ष सामान्यतः ग्राह्य मानावयाची, हे ते गृहीत होय. ज्या व्यक्तीच्या मनोव्यापारांना वैद्यकाने एखादे निदान लावले आहे तिने आत्मचरित्र लिहावयास घेतले, की हे गृहीत अडचणीत येते. कारण साक्ष देणारे मनच तेथे शंकेचा विषय झालेले असते. अशा लेखनास काही वाचक लक्षणांची नोंदवही समजतात, तर काही त्यास अनुभवाचे अंतिम प्रमाण मानतात. या दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत, हे टेंपल ग्रँडिन आणि के रेडफील्ड जेमिसन या दोन अमेरिकन लेखिकांच्या आत्मचरित्रांची भाषा तपासली असता दिसून येते.

प्रथम संज्ञेचा इतिहास पाहणे इष्ट ठरेल. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर याने घडविला, तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत आढळणाऱ्या बाह्य जगापासूनच्या अलिप्ततेसाठी. पुढे १९४३ मध्ये बाल्टिमोर येथील लिओ कॅनर याने अकरा मुलांचे वर्णन करताना तोच शब्द एका स्वतंत्र अवस्थेस लावला. या मुलांच्या भाषेतील एक विशेष त्याने नोंदविला आहे. ती मुले सर्वनामे जशी कानी पडतील तशीच उच्चारीत; त्यामुळे स्वतःविषयी बोलताना त्यांच्या तोंडी 'मी'च्या जागी 'तू' येई. ज्या अवस्थेच्या पहिल्या वर्णनातच प्रथमपुरुषाचा हा प्रश्न नोंदला गेला, त्या अवस्थेतील व्यक्तीने पुढे प्रथमपुरुषी ग्रंथ लिहावा, ही घटना भाषेच्या अभ्यासकास विचारप्रवृत्त करणारी आहे.

ग्रँडिन यांचा जन्म १९४७ सालचा. साडेतीन वर्षांपर्यंत त्यांना बोलता येत नव्हते, आणि आरंभी त्यांच्या स्थितीस मेंदूची इजा असे नाव देण्यात आले होते. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या व गुरांना हाताळण्याच्या यंत्रणांची रचना करून त्यांनी कीर्ती मिळविली. त्यांचे पहिले आत्मचरित्र 'इमर्जन्स : लेबल्ड ऑटिस्टिक' हे मार्गारेट स्कॅरिआनो यांच्या सहकार्याने १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. या ग्रंथाच्या शीर्षकातच त्याची भूमिका सामावलेली आहे. 'इमर्जन्स' म्हणजे बाहेर येणे. आणि 'लेबल्ड' हे कर्मणी धातुसाधित सांगते, की हे नाव दुसऱ्या कोणी चिकटविलेले आहे. त्या काळी अशी व्यक्ती आत्मचरित्र लिहू शकते हेच अनेकांस अशक्य वाटे. म्हणून लेखिकेस 'बरी झालेली' म्हणून वाचकांपुढे उभे राहावे लागले. साक्षीदारास बोलण्याची परवानगी मिळाली, पण तो ज्या अवस्थेविषयी बोलतो ती त्याने मागे टाकलेली असावी, या अटीवर. या अटीमुळे ग्रंथाची भाषा दुभंगलेली वाटते. अनुभव सांगणारी वाक्ये जिवंत आहेत. अनुभवाचा अर्थ लावणारी वाक्ये मात्र बहुधा वैद्यकाकडून उसनी घेतलेली आहेत.

१९९५ मधील 'थिंकिंग इन पिक्चर्स' या ग्रंथात ही अट गळून पडलेली आहे. येथे स्वमग्नता ही भूतकाळाची गोष्ट नसून चालू विचारप्रक्रियेचे स्वरूप आहे. शब्द ही ग्रँडिन यांना परभाषा वाटते. ऐकलेल्या प्रत्येक शब्दाचे त्या मनात चित्रांत भाषांतर करतात आणि आखावयाचे यंत्र मनातच चालवून पाहतात. ॲरिझोनातील एका नातलगाच्या गुरांच्या वाड्यावर जनावरांना आवळून धरणारा पिंजरा पाहून त्यांनी तरुणपणी स्वतःसाठी तसेच यंत्र तयार केले. माणसाचा स्पर्श त्यांना असह्य होई. पण ज्याचा दाब स्वतःच्या हाताने कमीअधिक करता येतो अशा यंत्रातील दाबाने त्यांचे मन शांत होई. हा भाग या ग्रंथाचे मर्म आहे. आत्मपरीक्षण येथे चिंतनात न थांबता उपकरणाच्या रचनेत उतरते, आणि त्यामुळे त्याची सत्यता इतरांना पडताळता येते.

या ग्रंथाचा मोठा दोषही येथेच सांगितला पाहिजे. लेखिकेने आपल्या मनाचा धर्म हा सर्व स्वमग्न मनांचा धर्म मानला. स्वमग्न व्यक्ती चित्रांतूनच विचार करतात, असे विधान तिने केले. एका साक्षीवरून जातीविषयी निष्कर्ष काढण्याची ही चूक तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यासही ओळखता येईल. परंतु २००६ च्या विस्तारित आवृत्तीत ग्रँडिन यांनी हे विधान स्वतःच मागे घेतले. इतर स्वमग्न व्यक्तींचे अनुभव ऐकल्यानंतर त्यांनी चित्रांतून, आकृतिबंधांतून आणि शब्दांतून विचार करणारी मने असे तीन प्रकार मानले. आत्मचरित्रात लेखक स्वतःचे दोष कबूल करतो, हे नवे नाही. आपल्या आत्मज्ञानाची व्याप्ती आपण चुकीची आखली होती, अशी कबुली मात्र विरळा आढळते. आत्मनिवेदन अंतिम प्रमाण नव्हे, आणि तरीही ते त्याज्य ठरत नाही, याचा हा उत्तम दाखला होय.

जेमिसन यांचे 'ॲन अनक्वायट माइंड' हेही १९९५ मध्येच प्रसिद्ध झाले. त्यांची स्थिती अधिक बिकट होती, कारण निदान करणारा आणि निदान झालेला अशा दोन्ही भूमिका त्यांच्याच वाट्याला आल्या होत्या. उन्माद-अवसादाच्या विकारावर १९९० मध्ये फ्रेडरिक गुडविन यांच्यासह प्रमाणग्रंथ लिहिणाऱ्या या मानसशास्त्रज्ञेस स्वतःस तोच विकार होता. लिथियम घेण्याचे नाकारीत राहिल्याने त्या एकदा मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन आल्या होत्या. हे उघड केल्यास रुग्ण तपासण्याचा आपला अधिकारच धोक्यात येईल, ही भीती त्यांना होती. म्हणून या आत्मचरित्रातील प्रत्येक कबुलीस व्यावसायिक जोखमीचे वजन आहे.

भाषेच्या दृष्टीने त्यातील संज्ञाविचार महत्त्वाचा आहे. 'बायपोलर' हे नवे, सौम्य भासणारे नाव जेमिसन यांना मान्य नाही. दोन टोके कल्पिली की उन्माद आणि अवसाद परस्परांपासून दूर आहेत असे सूचित होते. प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळतात, हे त्या अभ्यासाने जाणतात आणि अनुभवानेही. सौम्य शब्द अचूक असतोच असे नाही, हा त्यांचा मुद्दा ग्राह्य आहे. ग्रँडिन यांच्याहून त्यांची भूमिका एका बाबतीत निराळी आहे. ग्रँडिन यांना आपल्या विचारपद्धतीपासून वेगळा असा 'मी' कल्पिता येत नाही; जेमिसन यांना मात्र विकार आपला वाटूनही त्यास औषधाने आवर घालणे अटळ वाटते. मनाच्या सर्व वेगळेपणांस एकच तत्त्व लावू पाहणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा.

मराठी अभ्यासकास हा भेद अपरिचित वाटू नये, कारण आपल्या व्याकरणात तो मुरलेला आहे. 'मला राग येतो', 'मला भीती वाटते', 'तिला वेड लागले' या वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत आहे, आणि क्रियापद राग, भीती, वेड यांच्याशी जुळते. भावावस्था जणू बाहेरून येते आणि माणसास गाठते. रोगही आपण असाच सांगतो : 'त्याला मधुमेह आहे'. उलट 'ती डावखुरी आहे' असेच आपण म्हणतो. 'तिला डावखुरेपणा आहे' असे कोणी म्हणत नाही. तेव्हा 'त्याला स्वमग्नता आहे' आणि 'तो स्वमग्न आहे' ही वाक्ये समानार्थी नव्हेत. पहिले मधुमेहाच्या पंक्तीतील, दुसरे डावखुरेपणाच्या. अवस्थेस व्यक्तीपासून अलग करून बोलण्याच्या प्रघातावर जिम सिंक्लेअर यांनी १९९९ मध्ये घेतलेला आक्षेप इंग्रजीत युक्तिवादाने मांडावा लागला. मराठीत प्रत्येक वक्त्यास तो प्रश्न विभक्ती निवडतानाच सोडवावा लागतो.

'स्वमग्न' या रूढ प्रतिशब्दाचीही अशीच तपासणी व्हावयास हवी. ग्रीक मूळ शब्दातील 'स्व' त्यात आला आहे. 'मग्न'ची भर मात्र मराठीची आहे. पण ग्रँडिन यांचे ग्रंथ वाचता त्या कशात मग्न दिसतात? दारांत, फाटकांत, गुरांच्या चालण्याच्या वाटांत आणि सावलीला बिचकणाऱ्या जनावराच्या नजरेत. 'स्व'पेक्षा वस्तूंचेच तेथे प्राबल्य आहे. ही संज्ञा बाहेरून पाहणाऱ्याने घडविली आहे. आतून पाहणाऱ्याची साक्ष तिला दुजोरा देत नाही.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. भारतात २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन-अक्षमता आणि मानसिक आजार यांचा समावेश आहे. आणि त्या अन्वये हक्क सांगू इच्छिणारा विद्यार्थी विद्यापीठांच्या वर्गांत आज बसलेला असतो. त्याच्याजवळ प्रमाणपत्र असते. आपल्या मनाचे व्यापार सांगावयास लागणारी भाषा मात्र बहुधा नसते. ज्यांना मुळीच बोलता वा लिहिता येत नाही त्यांची साक्ष तर या दोन्ही लेखिकांच्या ग्रंथांबाहेरच राहते, ही या वाङ्मयाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. तथापि निदानाने दिलेला शब्द घेऊन तो स्वानुभवाच्या कसोटीस लावणे, आणि मग तो स्वानुभवही इतरांच्या साक्षीने तपासणे, ही रीत या ग्रंथांनी घालून दिली आहे. मराठीत असे आत्मनिवेदन लिहिले जाईल तेव्हा त्याचे मूल्यमापन त्यातील दुःखाच्या प्रमाणावरून न करता या दुहेरी तपासणीवरून करणे उचित ठरेल.